खाडा नव्हे, रजा

साहेब कचेरीत गेले नाहीत तर ती रजा. त्यांच्याच घरी भांडी घासणारी आली नाही तर तो खाडा. गोष्ट एकच, शब्द दोन. आणि घरकामगारांचे सारे दुखणे या दोन शब्दांच्या फटीत आहे. रजा हक्काची असते, शिल्लक पडते, आजारपणात कामी येते. खाड्याची मात्र कॅलेंडरवर फुली पडते आणि महिनाअखेरीस ती पगारातून वळती होते. ‘मावशी आमच्या घरातल्याच’ म्हणणाऱ्यांकडेही ही फुली सहसा चुकत नाही.

पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तो १९८० साली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करायला राज्याला २००८ साल उजाडले. नोंदणी, अपघातात मदत, बाळंतपण आणि अंत्यविधीसाठी साह्य, हे त्याने दिले. ते हवेच होते. पण किमान पगार किंवा आठवड्याची सुट्टी देण्याचे बंधन त्याने मालकावर घातले नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये संमत केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीचे कलम आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. करार स्वतःवर बंधनकारक मात्र करून घेतला नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच केंद्राला सांगावे लागले, की समिती नेमा आणि घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करा.

दरम्यान कामही बदलले. मुले परदेशी आणि आईवडील फ्लॅटमध्ये, अशा घरांत ब्युरोकडून आलेली बाई बारा-बारा तास अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस बदलते, डायपर पाहते, इन्सुलिनची वेळ सांभाळते. भांडे नीट निघाले नाही तर पुन्हा घासता येते. कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. इतके जोखमीचे काम जिच्यावर सोपवायचे, तिला ते कोणी शिकवले, ती शेवटची पुरेशी झोपली कधी आणि ब्युरो तिच्या पगारातून किती कापतो, हे विचारायचे मात्र आपण टाळतो. चांगली सेवा हवी, तर आधी ही उत्तरे हवीत.

‘घर म्हणजे कारखाना नव्हे, तिथे कायदा कसा शिरणार?’ हा आक्षेप ठरलेला. पण अकरा महिन्यांच्या भाडेकराराची नोंदणी आपण करतोच. त्याने घराचे खासगीपण भंगत नाही. तशीच साधी नोंद या कामाचीही होऊ शकते. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, प्रशिक्षण आणि ब्युरोंवर देखरेख, एवढे तरी राज्याने आता कायद्यात आणावे.

घरांनी मात्र त्यासाठी थांबायचे कारण नाही. कामे कोणती, वेळ किती, पगार किती आणि वाढ कधी, एवढे लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा एक कागद आजही करता येतो. कॅलेंडर तेच राहू द्या. फक्त नवा महिना लागला, की त्यावर मावशींच्या चार भरपगारी रजा आधीच लिहून ठेवा.