भटजींनी पाहिलेलं आणि ऐकलेलं

झाशीच्या राणीचा ‘एकमेव खरा फोटो’ अजून तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला नसेल, तर येईल. काही फॉरवर्डमध्ये खाली लिहिलेलं असतं: १८५०, फोटोग्राफर हॉफमन. आता कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन हा नावाजलेला स्टुडिओ सुरू झाला तोच १८८० नंतर, आणि राणी गेल्या १८५८ च्या जूनमध्ये. दोन सालं शेजारी ठेवली की पुरे, चेहरा निरखायची गरजच पडत नाही.

फोटोचं सोपं असतं. छापील पुस्तकाला मात्र आपण प्रश्न विचारत नाही, त्यातही लेखक प्रत्यक्षदर्शी असला तर मुळीच नाही.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली, म्हणून दक्षिणेच्या आशेनं १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, मग शहर लुटलं, तेव्हा भटजी शहरातच जीव मुठीत धरून होते. पुढे काल्पीच्या वाटेवर त्यांनी थकलेल्या राणीला विहिरीवर पाहिलं. हा भाग मी डोळे मिटून मानते.

पण राणीचा शेवट ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायला झाला, आणि तिथे भटजी नव्हते. ती हकीकत त्यांच्या कानावर आलेली. पुस्तक एक, लेखक एक, शाईही तीच. तरी दोन पानांचं वजन सारखं नाही. शिवाय हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं ते पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला जेवणाचा बेत घरातल्या तिघांना विचारून बघा!

आणखी एक गाठ आहे. पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं ते भाषा बदलून आणि काही मजकूर गाळून, कारण राज्य इंग्रजांचं होतं. हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली १९६६ मध्ये. मधली जवळजवळ साठ वर्षं वाचक ज्याला भटजींचे शब्द समजत होते, त्यावर संपादकाचा हात फिरलेला होता. वैद्यांना दोष देऊ नये. त्यांनी पुस्तक वाचवलं.

राणीच्या वयाचंही असंच. पारसनीसांच्या १८९४ च्या चरित्रात जन्म १८३५ चा, तर सर्रास सांगितलं जातं १८२८. म्हणजे रणात पडल्या तेव्हा राणी एका हिशेबानं बाविशीच्या, दुसऱ्यानं एकोणतिशीच्या. मुलांच्या प्रकल्पवहीत यातलं एकच साल येतं, तेही कुठून घेतलं हे न लिहिता. शिक्षकांनी एवढं विचारलं तरी मुलं कामाला लागतील.

झाशीच्या किल्ल्यात गेलात तर तटावर ‘जंपिंग स्पॉट’ अशी पाटी दिसते. राणीनं घोड्यासह इथून उडी घेतली म्हणतात. खाली डोकावून बघाच. शहरात दुसरी हकीकतही ऐकू येते, राणी भांडेरी दरवाजातून बाहेर पडल्याची. गाइडला विचारा, हे सगळ्यात आधी कोणी लिहिलं? पाटी तर फार नंतरची.

आणि घरी ‘माझा प्रवास’ असेल तर कपाटातून काढा, संपादकाचं नाव बघा. प्रत वैद्यांची आहे की पोतदारांची?