फोटो बोटीचे की आपलेच?

गेल्या महिन्यात वडोदऱ्याला मावसभावाकडे गेलो होतो. मुंबई-गोवा क्रूझ करून तो नुकताच परतला होता. जेवणं झाल्यावर मोबाईल हातात दिला. डेकवर तो, वहिनी, स्विमिंग पूल, बुफेतली पेस्ट्री. बंदर एकाही फोटोत नाही! "मुरगाव कसं दिसलं?" विचारलं, तर म्हणाला, "तेव्हा आम्ही नाश्त्याला होतो."

राग आला तो हे वडोदऱ्यात ऐकावं लागलं म्हणून. समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानलं जायचं त्या काळात, १८८७ साली, सयाजीराव गायकवाड बोटीने युरोपला गेले. पुढे १९२६ साली त्यांच्याच संस्थानाने ओखा बंदर उभारलं. आणि आम्ही बंदराकडे पाठ करून सेल्फी काढतो.

"हौसेचे फोटो रे, त्यात इतिहास कसला शोधतोस?" असं भाऊ म्हणाला. पण आम्ही गोवेकर तरी कुठे शहाणे? पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची बोट सुटायची. वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी करत जायची. आमच्या किती पिढ्या तिने नोकरीला नेल्या! तिचा एक तरी फोटो तुमच्या घरात आहे? माझ्या घरात नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मांडवीतल्या बार्जी जागच्या जागी थांबल्या, तेव्हाही आम्ही कॅमेरा काढला नाही.

स्वतःचे फोटो जरूर काढा. पण जिथे मनाई नाही तिथे धक्का, खलाशी, दीपस्तंभ यांचेही काढा, आणि साल, ठिकाण लिहून ठेवा.

असो. कुणाकडे त्या जुन्या बोटीचा फोटो असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका.