दम धरा!

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वडिलांच्या छातीचा फोटो दोनदा काढावा लागला. फोटो म्हणजे क्ष-किरण चित्र. गावात त्याला दुसरे नाव नाही. वडील खडी क्रशरवर कामाला आहेत. सहा महिने खोकला जाईना, म्हणून मी त्यांना तालुक्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कागद वाचणे आणि डॉक्टरांशी बोलणे ही खाती आपोआप माझ्याकडे आली आहेत.

फोटोच्या खोलीत मला घेतले नाही, ते बरोबरच होते. बाहेर ऐकू आले ते एवढेच : आतल्या माणसाने वडिलांना फळीला छाती लावून उभे राहायला सांगितले, मग आडोशामागून तो ओरडला, "दम धरा!" क्षणभराने, "झालं, सोडा." बाहेर रांग मोठी होती. फोटो हल्ली पडद्यावर लगेच दिसतो, पण तो नीट पाहायला त्याला सवड नसावी. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, फोटो उपयोगाचा नाही, छाती भरलेलीच नाही, पुन्हा काढा. एस.टी.त मी वडिलांवर चिडले. ते म्हणाले, "अगं, दम धर म्हनला, म्हनून मी दम धरला. मला वाटलं, मशीन सुरू व्हायला येळ हाय. मग सोडा म्हनला, तवा काय सोडायचं तेच कळंना."

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने ह्यावर हसावे की रडावे? दम धरणे म्हणजे धीर धरणे, थांबणे, हाच अर्थ वडिलांनी जन्मभर ऐकलेला. त्यांचे काही चुकले नव्हते. त्या माणसाचीही भाषा मराठीच.

माझा आतेभाऊ जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओग्राफरची पदविका करतो आहे. रविवारी तो घरी आला तेव्हा त्याने मला ह्या एका फोटोत किती गोष्टी असतात ते समजावून दिले. किरणांची नळी पाठीमागे सहा फुटांवर ठेवायची, कारण जवळून काढला तर हृदय आहे त्याहून मोठे दिसते. हात कमरेवर ठेवून खांदे पुढे ढकलायचे, म्हणजे खवाटे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. आणि श्वास भरून घेऊन रोखायचा, म्हणजे फुप्फुसे पुरी उलगडतात. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसांचा खालचा भाग पांढुरका आणि हृदय रुंद दिसते. मग नसलेला रोग दिसावा आणि असलेला झाकला जावा, असे दोन्ही होऊ शकते. एका फोटोची किरणे फार थोडी असतात, त्यांची धास्ती नको, असेही तो म्हणाला. पण वडिलांचे दोन रोज बुडाले ते बुडालेच.

मग त्याने वडिलांना अंगणात उभे केले. "मामा, विहिरीत बुडी मारायच्या आधी दम घेता ना, तसा घ्या. तोंड मिटा. आता मी सांगेपर्यंत वर यायचं नाही." तीनदा करून घेतले. सोमवारी फोटो पहिल्या खेपेलाच स्वच्छ आला. (डॉक्टरांनी क्रशरचे काम सोडायला सांगितले आहे. वडील अजून जातात. तो वेगळा लेख होईल.)

माझे म्हणणे असे, की हे अंगणातले शिक्षण त्या अभ्यासक्रमात असले पाहिजे. आतेभाऊ किरणांचे भौतिकशास्त्र शिकतो, शरीररचना शिकतो. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हे त्याला तोंडपाठ आहे. छातीवर लावायच्या बिल्ल्यात त्याच्या अंगावर पडलेल्या किरणांचा हिशेब राहतो. पण रोग्याशी काय आणि कसे बोलावे? त्याच्या वर्गात संभाषणाचा तास आहे. तो इंग्रजीतून मुलाखत देण्याचा! २०२१ साली संसदेने ह्या व्यवसायांसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला, त्यात पदविकेला निदान २००० तासांचे शिक्षण सांगितले आहे. त्यांतले वीस तास मराठीला दिले, तर कोणते आभाळ कोसळेल?

आमच्या एका सरांनी विचारले, भौतिकशास्त्रात कच्चा पण गोड बोलणारा रेडिओग्राफर तुला चालेल का? मुळीच चालणार नाही. पण माझे वडील ज्याच्या हाती सापडले, त्याचे भौतिकशास्त्र बहुधा चांगलेच असावे. फोटो बिघडला तो दोन शब्दांनी.

हे मी बाहेर राहून लिहिते आहे, हे मान्य. बारावीला विज्ञान नसल्यामुळे ते दार मला बंद आहे. आमच्या गावाजवळ अकरावीला कला शाखा तेवढी होती. पंधराव्या वर्षी माझी शाखा एस.टी.च्या वेळापत्रकाने ठरवली. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरींनी पॅरिसमध्ये सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवले आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे शिक्षण बेताचेच होते, हे वाचल्यापासून मला त्यांचा जरा हेवा वाटतो. असो.

आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, गटारे उपसतो, फोटो (दुसऱ्या प्रकारचे) काढून परत येतो. यंदा मराठी विभागाने त्यात आणखी एक काम घ्यावे. अंगाच्या भागांना आणि दुखण्यांना लोक काय म्हणतात ते लिहून घ्यावे. खुबा म्हणजे बोट ठेवून नेमका कुठे, उसण भरणे आणि चमक निघणे ह्यांत फरक काय, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ती वही आतेभावाच्या वर्गाला द्यावी. घ्यायला तो तयार आहे. मी माझ्या आजीपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत ३१ शब्द झाले. त्यांत एकट्या 'दम'चीच पाच वळणे निघाली : दम धरणे, दम लागणे, दम खाणे, दम टाकणे, आणि मी फार प्रश्न विचारू लागले तेव्हा आजीने मला दिला तो.