सांध्यांचा हिशेब

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावृत झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिने पुरे होण्याआधीच, कोसळला. चौकशी समितीने सांगितलेल्या कारणांत गंज व दुबळा सांगाडा यांच्या जोडीला सदोष वेल्डिंगही होते. यावर आरोप-प्रत्यारोप पुष्कळ झाले. आम्हांस पडणारा प्रश्न साधा आहे. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या कामांत किती सांधे तपासले गेले व किती दुरुस्त करावे लागले, हे नागरिकाला कधी कळणार?

पुणेकरांना हा प्रश्न परका नाही. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या मेट्रोचे मार्ग वाढत आहेत. पादचारी पूल, जलवाहिन्या, जाहिरातफलकांचे सांगाडे अशा सर्वच ठिकाणी माणसांचे प्राण वेल्डरच्या हातावर विसंबून आहेत.

दुरुस्तीचे प्रमाण अमुक टक्क्यांहून अधिक नसावे, अशी अट करारात घातली की अधिकारी निश्चिंत होतात. परंतु टक्के कशाचे? एक मीटर लांबीचे शंभर सांधे तपासले आणि त्यांतील दहांत दोन-दोन सेंटिमीटरचा दोष निघाला, तर सांध्यांच्या हिशेबाने प्रमाण १० टक्के होते. लांबीच्या हिशेबाने अवघे ०.२ टक्के. काम तेच, दोषही तेच. हिशेबाची रीत आधी ठरली नाही, तर कंत्राटदार सोयीचा आकडा दाखवणारच.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. सांधा नापास झाला की वेल्डरची मजुरी कापावयाची, ही पद्धत सोपी आहे, पण आंधळी आहे. पावसात ओलावलेले रॉड भट्टीत न सुकवता हाती देणारा कोण? पत्र्यांच्या कडा नीट जुळण्याआधी घाई करणारा कोण? उक्त्या मजुरीने वेग मागणारा कोण? दंडाची भीती दोष नाहीसे करीत नाही, ती ते लपविते. म्हणून महिनोन्‌महिने शून्य दुरुस्ती दाखविणारी वही आम्हांस अधिक संशयास्पद वाटते.

एखाद्याचे काम वारंवार नापास होत असेल, तर त्याला थांबवून पुन्हा शिकविलेच पाहिजे. नळकामाच्या बी ३१.३ या अमेरिकी संहितेत नमुन्याचा एक सांधा नापास झाला, तर त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासतात; त्यांतही दोष निघाल्यास तपासणी वाढत जाते. हेतू शिक्षेचा नसून दोषाचा विस्तार शोधण्याचा असतो.

आमची मागणी एवढीच: प्रमाण मोजण्याची रीत निविदेतच लिहा, दर आठवड्याची नोंद कारणांसह जाहीर करा, तपासनीसाचे वेतन कंत्राटदाराच्या हाती ठेवू नका, आणि ओल्या रॉडने काम नाकारणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित ठेवा. सांध्यातला दोष सांगण्याची मुभा कामगाराला नसेल, तर तो दोष आपल्याला पूल पडल्यावरच कळेल.