साखर खाल्ली कुणी?

आमच्या सोसायटीचे रखवालदार रात्रपाळीला एक पाय खुर्चीवर घेऊन बसलेले दिसले, म्हणून मी चौकशी केली. अंगठ्याला जखम होती आणि तीन आठवडे झाले तरी ती भरत नव्हती. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण सोसायटीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. उपाशीपोटी साखर २८० निघाली. परतताना मी जे करायला नको होते तेच केले, व्याख्यान दिले. मामा, गोड बंद करा, रोज चाळीस मिनिटे चाला, भात कमी करा, वेळेवर जेवा. मला स्वतःला मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली, त्यामुळे हे व्याख्यान तोंडपाठ आहे.

मामांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, साखर खाल्ली कवा आमी? पावणा आला तर गुळाचा चहा व्हायचा. आन् चालायचं म्हणाल, तर बारा तास ह्या गेटावर असतो. गेट सोडून चालायला लागलो तर तुमीच सेक्रेटरीला सांगाल."

बँकेत असताना आमची पक्की समजूत होती, की मधुमेह हा मॅनेजरचा रोग. खुर्चीचा, ऑडिटच्या धास्तीचा आणि कर्जदारांनी आणलेल्या पेढ्यांचा. शिपायाला झाला तर आम्हाला नवल वाटे. ही समजूत अगदीच खोटी नव्हती. खेड्यापाड्यांत आणि मागास राज्यांत अजूनही तो पैसेवाल्यांतच जास्त आढळतो. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०१७ साली जे निष्कर्ष आले, त्यांत महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगड येथील शहरी भागात गणित उलटलेले दिसले. तिथे सुखवस्तूंपेक्षा गरिबांत मधुमेह जास्त! याच पाहणीच्या २०२३ च्या हिशेबात देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर गेला आहे.

मामांना जन्मतारीख विचारली, तर ते "दुष्काळातला" एवढेच सांगतात. आधार कार्डावर १ जून आहे, ती मास्तरांनी घातलेली. (बँकेत अशा १ जूनला जन्मलेल्या खातेदारांची मी रांगच्या रांग पाहिली आहे.) गाव माण तालुक्यातले, साल १९७२. मीही त्याच जिल्ह्यातला; तेव्हा बारा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीसाठी लागलेली रांग, मिलोची तांबडी, घशाखाली न उतरणारी भाकरी, हे सारे मला आठवते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत किती बाया पोटुशा होत्या, याचे रजिस्टर कुठल्या मुकादमाने ठेवले असणार? मामांची आई त्यांतलीच एक.

पोटातल्या जिवाला अन्न कमी पडले, की तो काटकसर शिकतो. मेंदूला आधी, मग उरलेले बाकीच्यांना. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येते. पुढचे आयुष्यही तसेच हलाखीचे गेले तर ही काटकसर निभावून नेते. पण पुढे भात, तेल आणि बैठे काम वाट्याला आले, की तेच शरीर अडचणीत येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या उपासमारीत आईच्या पोटात असलेली माणसे पन्नाशीला आल्यावर ॲम्स्टरडॅमला तपासली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलवत नसल्याचे दिसले. मामा आज पन्नाशी ओलांडलेले आहेत.

इतके लांब जायचेही कारण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. गरोदर राहण्यापूर्वी त्या बायकांचे सरासरी वजन होते ४२ किलो. मुले जन्मली ती २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडच्या मुलांपेक्षा पाऊण किलोने कमी. पण ही मुले नुसतीच लुकडी नव्हती. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. आणखी एक गोष्ट त्यात निघाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्या बायका गरोदरपणी शेतात राबत होत्या, पाणी वाहत होत्या, त्यांची मुले अधिक लहान. ज्यांच्या पोटात पालेभाजी, फळ, दूध गेले त्यांची मोठी. म्हणजे सासूने सुनेला घागर भरायला पाठवले की नाही, याचा संबंध नातवाच्या वजनाशी, आणि पुढे कदाचित त्याच्या साखरेशी.

म्हणून "पथ्य पाळत नाहीत हो ही माणसे" हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, मेथीची जुडी मिळत नाही. रात्रभर जागायचे तर चहा लागतो, आणि त्यातल्या साखरेचाच आधार. घरी साखर तपासायची एक पट्टी म्हणजे एक वडापाव. माझ्या पेन्शनीतून पट्ट्या परवडतात, पायांत मऊ बूट आहेत, सकाळी फिरायला बाग आहे. तरी माझी साखर जेमतेमच आटोक्यात असते!

तीन रखवालदार ठेवून आठ-आठ तासांची पाळी करावी, असे मी सोसायटीला लेखी दिले आहे. घरामागे महिना चारशे रुपये वाढतील. सभा पुढच्या रविवारी आहे, दोघांनी आत्ताच फोन करून विचारले, "एका माणसाच्या अंगठ्यासाठी?" जखम आता भरत आली आहे.

मामांची सून चार घरची धुणीभांडी करते, त्यांत आमचेही घर. तिला पाचवा महिना आहे. आमच्या घरातल्या काट्यावर वजन केले, ४३ किलो भरले. हिने तिला सातव्यापासून सुटी घ्यायला सांगितले, तेव्हा तिने आधी विचारले, "पगारी का?" आमच्या घरापुरते ते ठरले. उरलेल्या तीन घरांशी बोलणे अजून व्हायचे आहे.