विचार पडद्यावर मावत नाही, हे खरे नाही

तत्त्वचिंतनात्मक कादंबरीवर चित्रपट काढूच नये, असे मानणारा मोठा वाचकवर्ग आपल्याकडे आहे. त्याचा पूर्वपक्ष असा: विचार भाषेत घडतो, कॅमेऱ्याला माणसे आणि वस्तू तेवढ्या दिसतात, त्यामुळे पडद्यावर कथानक उरते आणि चिंतन गळून पडते. हे मत तपासून पाहायला यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’सारखे दुसरे उदाहरण नाही. कन्नड कादंबरी १९६५ची, पट्टाभिराम रेड्डींचा चित्रपट १९७०चा. पटकथा गिरीश कार्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांचीच.

दुर्वासपुराच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा प्लेगने मरतो. शाळिग्राम नदीत फेकणारा, मांस खाणारा, चंद्री नावाच्या बाईला घरात ठेवणारा हा ब्राह्मण. पण जातीने त्याला वाळीत टाकलेले नव्हते. मग त्याला अग्नी कोणी द्यायचा? अग्रहाराचे पंडित प्राणेशाचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीला कौल लावतात. कौल मिळत नाही. प्रेत उठेपर्यंत अग्रहारात अन्न शिजवता येत नाही. शास्त्रार्थ लांबत जातो, पोटे रिकामी राहतात आणि तिकडे प्रेत सडत असते. या कादंबरीचे तत्त्वज्ञान आचार्यांच्या वाक्यांपेक्षा या लांबलेल्या वेळात आहे, आणि वेळ हे तर सिनेमाचेच द्रव्य. चंद्री अंगावरचे सोने उतरवून अंत्यविधीसाठी आचार्यांपुढे ठेवते, तेव्हा काही क्षणांपूर्वी दोषाला भिणाऱ्या माणसांत लोभ जागा होतो. धर्म आणि स्वार्थ यांच्यातली सीमारेषा किती पातळ आहे, हे सांगायला इथे एकाही सिद्धान्ताची गरज पडत नाही. मुळात ही कादंबरीच एका चित्रपटामुळे सुचली. बर्मिंगहॅमला शिकत असताना अनंतमूर्तींनी बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ सबटायटलांशिवाय पाहिला आणि त्यानंतर ‘संस्कार’ लिहिली. भाषा न कळताही जे माध्यम एका लेखकाला श्रद्धेच्या प्रश्नाशी नेऊन भिडवते, त्याला विचार पेलत नाही असे कसे म्हणायचे?

आता खरा वजनदार आक्षेप. कादंबरीच्या उत्तरार्धात आचार्य गाव सोडून भटकतात, आणि ती पाने जवळजवळ संपूर्णपणे त्यांच्या मनात घडतात. ती घालमेल चित्रपटात तितकी उतरत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण बदल्यात काही मिळतेही. कादंबरीत चंद्री आपल्याला बरीचशी पुरुषांच्या नजरेतून, काव्यातल्या नायिकांच्या उपमांतून भेटते. पडद्यावर स्नेहलता रेड्डींची चंद्री कोणाच्या उपमेत न अडकता समोर उभी असते, आणि नारणप्पाला अग्नी देण्याचा, अग्रहाराच्या विद्वत्तेला न सुटलेला प्रश्न या बाईनेच सोडवला हे अधिक लख्ख दिसते. ही मूळ विचारात पडलेली भर आहे. उलट, शब्दाला शब्द जुळवणारी निष्ठा किती निष्फळ ठरते, ते कामूच्या कादंबरीवर व्हिस्कोंतीने काढलेल्या १९६७च्या ‘द स्ट्रेंजर’मध्ये पाहावे. कामूच्या पत्नीच्या आग्रहामुळे चित्रपट कादंबरीला घट्ट धरून राहिला; प्रसंग सगळे आले, पण अस्वस्थता पातळ झाली.

आणखी एक पुरावा इतिहासातला आहे. कादंबरीवर टीका झाली, वाद झाले, पण ती वाचली जात राहिली; बंदी आली ती चित्रपटावर. जातीय तेढ वाढेल म्हणून सेन्सॉरने तो आधी अडवला. त्यांना भीती विचाराची नव्हे, दृश्याची होती, असे कोणी म्हणेल. पण सडणारे प्रेत आणि वाद घालणारे पंडित एकाच चौकटीत आणले की दृश्य हाच युक्तिवाद होतो. त्यातून विचार वेगळा काढताच येत नाही. पुढे बंदी उठली आणि त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘संस्कार’ वाचलेल्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. मात्र काय गाळले याची यादी करत बसू नये. नारणप्पाच्या प्रेताचे काय करायचे, हा प्रश्न पडदा आपल्याला स्वतःला विचारायला लावतो की नाही, एवढेच तपासावे.