दक्षता अधिकाऱ्याची कादंबरी

लंडनच्या पोलीस खात्यातला एक नवशिका शिपाई खुनाच्या जागी रात्री पहारा देत उभा आहे. साक्षीदार मिळतो, पण तो आधीच मेलेला. बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या २०११ च्या कादंबरीची ही सुरुवात. पुढे हा पीटर ग्रँट खात्यातल्याच एका मांत्रिक इन्स्पेक्टरच्या हाताखाली जादूच्या गुन्ह्यांचा तपास शिकतो आणि टेम्स नदीच्या वरच्या अंगाचा देव व खालच्या अंगाची देवी यांच्या भांडणात मध्यस्थी करत हिंडतो. या कादंबरीची पुढे लांबलचक मालिका झाली. मराठीत असले काही लिहायचे म्हटले की आपण लगेच हळहळतो : छे, आपल्याकडे लंडनसारखे शहर कुठे आहे!

लंडन हवे कशाला? सातारा-सांगलीत ऐवज पडून आहे. नदीच घ्या. वाईला कृष्णा ही नुसती नदी नव्हे, ती कृष्णाबाई. तिचा घाटोघाट उत्सव होतो, मांडव पडतात, बाई पाहुणी म्हणून मांडवात येऊन बसते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे वाईकर सांगतात. पुढे माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन भिडते, हरिपूरला वारणा. आणि वरच्या-खालच्यांचे भांडण म्हणाल तर ते टेम्सपेक्षा आपले जुनाट. कोयनेतून पाणी किती सोडले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवले, यावर सांगलीचा जीव टांगणीला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी आहे ४५. त्या भांडणाचा पंचनामा करायला एखादा फौजदार नेमला, तर पहिला खंड तिथेच संपेल.

फौजदाराचीही सोय झालेली आहे, आणि ती चक्क सरकारने केलेली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ‘दक्षता अधिकारी’ नावाचे पद आहे. हुद्दा पोलीस निरीक्षकापेक्षा खालचा नको, अशी अट आहे. नरबळी, करणी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण असले गुन्हे रोखणे व पुरावा गोळा करणे हे त्याचे काम. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे लंडनच्या लेखकाला जे खाते कल्पनेतून उभारावे लागले, ते आपल्याकडे कलमासह तयार आहे. आता कुठल्या पोलीस ठाण्यात जाऊन ‘दक्षता अधिकारी कोण?’ असे विचारल्यावर समोरचा अंमलदार काय चेहरा करील, तो विनोदी प्रकरणाचा भाग.

या कायद्याचा माणूस साताऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर १९४५ मध्ये साताऱ्यात जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेला डॉक्टर झाले, कबड्डीचे मैदान गाजवले आणि १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे विधिमंडळाचे उंबरे झिजवत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने विधेयक मंजूर केले.

समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीचे जे तपास केले, ते आम्हाला कुठल्याही जादुई पोलीसकथेपेक्षा सरस वाटतात. घरावर दगड पडतात. दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात. भरल्या ताटात शेण निघते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. देवऋषी येऊन जातो, कोंबडे जाते, दगड थांबत नाहीत. मग कार्यकर्ते येतात. घरातल्या एकेकाला वेगळे बसवून विचारतात : त्या वेळी कोण कुठे होते, कोण परगावी गेले की प्रकार थांबतो, कोण आले की सुरू होतो. हळूहळू वर्तुळ आवळत जाते आणि मध्ये सापडते ती बहुतेकदा घरातलीच कोणी कोंडीत सापडलेली सून किंवा गप्प गप्प राहणारी पोर. इथवर कथा डिटेक्टिव्ह पोअरोच्या वळणाची. शेवट मात्र उलटा. पोअरो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून नाव जाहीर करतो; इथे नाव सांगायचेच नाही, असा रिवाज. त्या व्यक्तीशी एकांतात बोलायचे, तिचे दुखणे ऐकायचे, पुन्हा करणार नाही असे वचन घ्यायचे आणि घरच्यांना सांगायचे, भानामती गेली. गुन्हेगार सापडूनही न सांगणारा डिटेक्टिव्ह जगात दुसरा कुठे असेल तर आम्हाला दाखवा.

मराठीला या प्रांताचे अगदीच वावडे होते असेही नाही. नारायण धारपांनी ‘समर्थ’ उभा केला, अमानवी संकटांशी दोन हात करणारा. पण समर्थाला स्टेशन डायरी लिहावी लागत नाही, बंदोबस्ताची ड्यूटी लागत नाही. पीटर ग्रँटची गंमत त्या कटकटीत आहे. शिवाय हा पोरगा जादू दिसली की हात जोडत नाही. जादूने मोबाइलमधली चिप जळते हे लक्षात आल्यावर तो प्रयोग मांडून तपासत बसतो. त्याचे गोत्र देवऋष्याशी जुळत नाही, कार्यकर्त्याशी जुळते.

तेव्हा अशा कादंबरीने अंधश्रद्धा पसरेल, या काळजीत आमच्या विवेकवादी मित्रांनी पडू नये. खुद्द कायद्याने हरिकथा, कीर्तने आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा वगळल्या आहेत. गोष्टीतली जादू कुणाचे पैसे नेत नाही. जीव घेणारी जादू वेगळी. जून २०२२ मध्ये म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण मृतावस्थेत सापडले. आधी कर्जापायी सामूहिक आत्महत्या म्हटली गेली, चिठ्ठ्यांवरून सावकारांवर गुन्हे दाखल झाले. आठवड्याभरात पोलिसांनी सांगितले, हा खून आहे : गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या सोलापूरच्या मांत्रिकाने विष दिल्याचा आरोप झाला. न्याय न्यायालय करील. पण ते शिकलेसवरलेले घर होते, एवढे कादंबरीकाराने टिपून ठेवावे.

आमची मागणी साधी आहे. कुणीतरी हे लिहावे, आणि नायकाची बदली मुंबई-पुण्याला करण्याचा मोह टाळावा. त्याची पहिली नेमणूक मिरज तालुक्यात असू द्या. कृष्णाही तिथलीच, म्हैसाळही तिथलेच.